ईश्वरी राज्य आणि 'देवाचा दरबार'

ख्रिस्ताच्या उपदेशाचे केंद्र कोणते, या प्रश्नाला पहिल्या तीन शुभवर्तमानांचे उत्तर निःसंदिग्ध आहे. ते केंद्र म्हणजे देवाचे राज्य. मत्तय त्याला बहुधा स्वर्गाचे राज्य म्हणतो, मार्क आणि लूक देवाचे राज्य म्हणतात. मोहरीचा दाणा, पिठात मिसळलेले खमीर, शेतात दडलेला ठेवा हे सारे दाखले त्याच राज्याचे आहेत, आणि ख्रिस्ताने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेतील एक प्रमुख मागणी ते राज्य येण्याचीच आहे. तथापि हे राज्य कोठे आहे, केव्हा येणार आणि त्याचे प्रजाजन कोण, यांविषयी ख्रिस्ती परंपरेत एकवाक्यता कधीच नव्हती. ही अनिश्चितता केवळ ईश्वरशास्त्रीय नाही; ती भाषिकही आहे. मराठीत तिचे काय झाले, हे नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी योजिलेल्या एका शब्दाच्या आधारे पाहता येते.

मूळ ग्रीक 'बासिलेइया' आणि त्यामागील हिब्रू 'मलखूथ' या शब्दांचा प्रधान अर्थ राजाचे राज्य करणे, त्याची सत्ता चालणे असा आहे. भूप्रदेश हा दुय्यम अर्थ होय. मराठी 'राज्य' या शब्दात दोन्ही छटा आहेत. 'पेशव्यांच्या राज्यात' असे म्हणताना मराठी माणूस कारभार आणि काळ सुचवितो, तर 'राज्याच्या सीमा' म्हणताना भूमी. पण सीमा असलेल्या राज्याला आत आणि बाहेर असतेच. युरोपातील चर्चचा इतिहास हा बऱ्याच अंशी या दुसऱ्या छटेच्या वर्चस्वाचा इतिहास आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीनने 'ईश्वराचे नगर' या ग्रंथात चर्चला आताही ख्रिस्ताचे राज्य म्हटले, आणि पुढील शतकांत या विधानातील सूक्ष्म भेद गळून संस्था आणि राज्य यांचे समीकरण दृढ झाले. एकोणिसाव्या शतकात रित्शलने ईश्वरी राज्याला नीतिमान मानवी समाजाचे रूप दिले. 1892 मध्ये योहानेस वाइसने मात्र ख्रिस्ताला अभिप्रेत असलेले राज्य माणसाने घडविण्याचे नसून देवाने अकस्मात आणावयाचे होते, असे दाखवून हे आश्वासक चित्र हादरविले. 1902 मध्ये लोआझीने, येशूने घोषणा केली ती राज्याची आणि अवतरले ते चर्च, अशा आशयाचे विधान केले. त्याचा स्वतःचा हेतू चर्चचे समर्थन करण्याचा होता. परंतु ते विधान पुढे चर्चवरील टीका म्हणूनच अधिक स्मरणात राहिले.

मराठीत ख्रिस्ती काव्याचा आरंभ फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'ने, 1616 मध्ये झाला. स्टीफन्सने स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा परिचित शब्द स्वीकारला. या स्वीकारामुळे ख्रिस्ती आशयाला पुराणकथेची ऊब लाभली हे खरे. परंतु वैकुंठ हे मृत्यूनंतर गाठावयाचे स्थान आहे. त्याच्या छायेत देवाचे राज्यही परलोकाकडे झुकणे स्वाभाविक होते. गोव्यात तेव्हा इहलोकीचे राज्य पोर्तुगीजांचे होते, आणि सासष्टीतील देवळे पाडली जाऊन अर्धशतकही उलटले नव्हते. अशा स्थितीत परलोकाचे राज्य आणि इहलोकीचे राज्य यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न पुराणाच्या चौकटीत उघडपणे विचारला जाणे शक्य नव्हते.

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती लेखनात हा प्रश्न वेगळ्या रूपाने पुढे आला. 1842 मध्ये अहमदनगरहून निघू लागलेले 'ज्ञानोदय' आणि बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' (1857) यांत धर्मविचार समाजसुधारणेशी जोडला गेला. विधवांच्या दुःस्थितीची चर्चा ही येथे ख्रिस्ती जीवनदृष्टीचीच चर्चा आहे. मात्र धर्मांतरिताच्या प्रत्यक्ष आयुष्यात बाप्तिस्मा ही एक कठोर सीमारेषा ठरत होती. तिच्या अलीकडे घर, जात, वतन. पलीकडे मिशनचे आवार, मिशनची नोकरी, मिशनची शाळा. राज्य या शब्दातील भूप्रदेशाची छटा अशा प्रकारे आवाराच्या भिंतींत मूर्त झाली.

टिळकांचा प्रवास या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारले गेले. त्या प्रवचनाच्या पहिल्याच वाक्यात देवाचे राज्य दीनांना दिलेले आहे. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढील सुमारे दोन तपांच्या मिशनसेवेनंतर, 1917 मध्ये, त्यांनी वेतनी सेवा सोडली, संन्यस्त जीवन स्वीकारले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य सामावू शकत होते. ही गोष्ट क्रांतिकारक होती, कारण तिने ख्रिस्ताशी असलेले नाते आणि संस्थेचे सभासदत्व यांची फारकत केली.

'राज्य' या रूढ शब्दाऐवजी 'दरबार' ही प्रतिमा येथे का आली? राज्याला सीमा असतात. दरबाराला केंद्र असते. राजा जेथे बसेल तेथे दरबार भरतो. मलखूथमधील सत्तेची, सान्निध्याची छटा या शब्दात अनायास परत येते. शिवाय भक्तिपरंपरेने विठ्ठलाला पंढरीचा राणा म्हटले होते, आणि तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे टिळक मानीत. त्यामुळे राजा देवाच्या भोवती जमलेला भक्तमेळा ही कल्पना मराठी मनाला परकी नव्हती. 1916 मध्ये होमरूल चळवळीने 'स्वराज्य' हा शब्द घरोघर पोचविला होता. राष्ट्रीय वृत्तीच्या टिळकांना पाश्चात्त्य मिशनच्या छत्राबाहेर एक स्वायत्त ख्रिस्ती जीवन हवे होते, यात या काळाचे पडसाद स्पष्ट आहेत.

तरीही या प्रतिमेतील अंतर्विरोध दुर्लक्षिता येत नाही. दरबार हा शब्द मानपानाचा, आसनांच्या उतरंडीचा आहे. 1911 च्या दिल्ली दरबाराची स्मृतीही तेव्हा ताजी होती. अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग महार आणि मांग जातींतून आलेला होता. मिशनच्या आवाराने या माणसांना शाळा दिली, पाणी दिले, गावकीपासून काही अंतर दिले. ब्राह्मण कवीला जी भिंत अडसर वाटली, तीच त्यांना आसरा होती. बाप्तिस्म्याची सीमारेषा पुसट करणे हे ज्याला जातीत मान आहे त्याला आध्यात्मिक औदार्य वाटेल. ज्याला जात सोडायचीच आहे त्याच्यासाठी ती रेषा मुक्तीची खूण आहे. वारीतील समता गावच्या पाणवठ्यापर्यंत का पोचली नाही, हा भक्तिपरंपरेला विचारला जाणारा प्रश्न म्हणूनच दरबारालाही लागू होतो.

टिळकांना या प्रश्नाचे उत्तर देण्यास अवधी मिळाला नाही. 1919 मध्ये त्यांचे निधन झाले आणि संस्था म्हणून दरबार फार काळ टिकला नाही. परंतु उत्तराची एक दिशा त्यांच्या घरातच लिहिली गेली. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' (1934–1936) ईश्वरी राज्याची मीमांसा करीत नाहीत. पतीच्या धर्मांतरानंतरही सोवळे सांभाळणारी, वेगळी चूल मांडणारी स्त्री हळूहळू कोणाच्याही हातचे पाणी घेण्यापर्यंत कशी येते, याची ती हकीकत आहे. 1900 मधील तिचा बाप्तिस्मा या बदलाचे कारण नसून त्याची परिणती आहे. येथे सीमा ओलांडली जाते ती स्वयंपाकघरात, आणि तीही उच्चवर्णीयाच्या बाजूने. सोडावयाचे असते ते आपले सोवळे, दुसऱ्याचा आसरा नव्हे.

या दोन संहिता एकत्र वाचल्या की ईश्वरी राज्याच्या कल्पनेचे ख्रिस्ती जीवनातील स्थान अधिक नेमके कळते. ती कल्पना चर्चला स्वतःच्या सीमांविषयी संतुष्ट राहू देत नाही, ही टिळकांची जाण होती. पण सीमा कोणी मोडावयाची आणि तिची किंमत कोणी द्यावयाची, हे ठरल्याशिवाय दरबार भरत नाही. खमीर पिठात दिसेनासे होते तेव्हाच पीठ फुगते. तो दाखला मराठीत सर्वांत विश्वसनीयपणे उतरला तो अभंगात किंवा संस्थेत नव्हे, एका बाईच्या रोजच्या चुलीपाशी.