शब्दवेध : ताबा

भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. सांची-भारहुतच्या शिलालेखांत ते सापडते. धर्मशास्त्रात ‘भोग’ म्हणजे वहिवाट, कब्जा. आज कोर्टात शेताचा ताबा मागतात आणि नातवाचाही ताबाच. सातबारा आणि पोर एकाच शब्दात, हे मला खटकते.

‘ताबा’ मूळ अरबी. ‘ताबिअ’ म्हणजे मागून चालणारा, अनुयायी. ‘ताबेदार’मध्ये तो अर्थ अजून टिकून आहे. मराठीत मात्र ‘ताबा’ मागे चालणाऱ्याकडून मालकाकडे गेला.

कायद्याने मुलाला मालमत्ता मानलेले नाही. 1890चा पालक व पाल्य कायदा मुलाचे कल्याण पाहायला सांगतो. समज आलेल्या मुलाची पसंतीही विचारात घेता येते. 2008 साली कोलकात्याच्या एका प्रकरणात हाच मुद्दा आला. आई दगावलेली, हुंडाबळीच्या आरोपात वडील. खालच्या न्यायालयांनी मुलगा वडिलांना दिला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मुलाला दालनात बोलावून विचारले. त्याला आजी-आजोबांकडेच राहायचे होते. तो आजोळीच राहिला. 2022 मध्ये कोविडने पोरके झालेल्या गुजरातमधल्या मुलाचा ताबा मावशीऐवजी वडिलांकडच्या आजी-आजोबांना मिळाला. त्यांचे वय आड आले नाही.

अर्ज कुठे करायचा, हे मुलाच्या नेहमीच्या रहिवासावरून ठरते. पोर भोकरदनला आजोळी असेल, तर अर्ज जालना जिल्ह्यात. पण ‘नेहमीचा’ म्हणजे कोणता, यावरच वकिलांची पहिली तारीख जाते.