डांबर, नैसर्गिक : द्राक्षमळ्यांतील प्राचीन वापर

मराठीत ‘डांबर’ हा शब्द दगडी कोळशापासून मिळणाऱ्या दाट काळ्या द्रवालाही लावतात. जमिनीतून किंवा खडकांच्या फटींतून पाझरणारे नैसर्गिक डांबर (बिट्युमेन) त्याहून निराळे होय. भूमध्य समुद्राच्या परिसरात द्राक्षवेलींवरील किडीच्या निवारणासाठी त्याचा उपयोग इ. स. पू. दुसऱ्या शतकापासून तरी होत असल्याचे दिसते.

मार्कस पोर्शियस केटो (इ. स. पू. २३४–१४९) या रोमन लेखकाने दे ॲग्री कल्चुरा या ग्रंथात पाने गुंडाळणाऱ्या अळीवर पुढील कृती दिली आहे. ऑलिव्ह तेल काढताना उरणारा पाणचट गाळ सु. साडेसहा लिटर घेऊन तो मंद आचेवर मधासारखा दाट होईपर्यंत आटवावा. मग त्यात डांबर व गंधक घालून पुन्हा उकळावे. हे दुसरे उकळणे मात्र उघड्यावरच करावे, कारण छपराखाली मिश्रण पेट घेते. ही सूचना प्रत्यक्ष अनुभवातून आलेली असावी. थंड झालेला लेप खोडाच्या माथ्याभोवती व फांद्यांच्या खालच्या बाजूस लावीत.

स्ट्रेबो या ग्रीक भूगोलज्ञाने पोसिडोनियसच्या (इ. स. पू. सु. १३५–५१) आधारे ‘अँपेलायटिस’ म्हणजे द्राक्षवेलीची माती हिचे वर्णन केले आहे. ही डांबरयुक्त माती सिरियातील सेल्यूशिया पायेरिया (आता तुर्कस्तानात) येथे खणून काढीत. ती तेलात कालवून वेलीस लावली असता कीटक मुळाकडून कोंबांवर चढण्यापूर्वीच मरतो, असे तो म्हणतो. ऱ्होड्स बेटावरही अशी माती सापडली. परंतु तिला तेल अधिक लागे. डायोस्कोरिडीझच्या (इ. स. पहिले शतक) काळी स्त्रिया याच मातीने पापण्या व केस काळे करीत.

हा कीटक बहुधा पिठ्या ढेकूण असावा. तो फायलोक्सेरा असणे शक्य नाही, कारण ती मूळची अमेरिकेतील कीड १८६० च्या सुमारास यूरोपात पोहोचली. लेपाचा गुण विषापेक्षा चिकटपणात व लावण्याच्या वेळेत अधिक असावा. खालून चढणारी कीड त्यात अडकते. लेपाच्या वर सालीखाली आधीच दडलेल्या अळ्यांवर मात्र त्याचा परिणाम होत नाही. उत्तर भारतात आंब्यावरील पिठ्या ढेकणाची पिले डिसेंबर–जानेवारीत जमिनीतून निघून खोडावर चढू लागतात. त्यांना अडविण्यासाठी खोडाभोवती प्लॅस्टिकची रुंद पट्टी बांधून तिच्या कडेस ग्रीज लावतात.