भट्ठी, गुत्ता आणि यजमानाचे घर

भिलाईत 'भट्ठी' या शब्दाचे दोन अर्थ होतात. पोलाद कारखान्यातील झोतभट्टी ही एक. आणि दारूचे दुकान ही दुसरी, कारण छत्तीसगढीत त्यालाही भट्ठीच म्हणतात. प्रस्तुत लेखकाचे लहानपण तेथील कॅम्प-१ मध्ये गेले. 'बाबा भट्ठीवर गेलेत' असे आई म्हणे, तेव्हा तिला कोणती भट्ठी अभिप्रेत आहे हे तिच्या आवाजावरून ओळखावे लागे. वडील १९५७ साली भंडारा जिल्ह्यातून कारखान्याच्या उभारणीवर मजूर म्हणून आले आणि अखेरपर्यंत ठेकेदाराकडेच राहिले. नियोजित नगरीतील क्वार्टर त्यांच्या वाट्याला आले नाही. उभारणीच्या काळात मजुरांच्या ज्या छावण्या पडल्या, त्यांच्याच पुढे वस्त्या झाल्या. कॅम्प हे नाव तेवढे कायम राहिले.

स्वतंत्र भारताने पोलादासाठी एकाच वेळी अनेक देशांचे साह्य घेतले. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते राउरकेल्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी भिलाईची. भिलाईच्या पाठीशी सोव्हिएत संघ होता, तर राउरकेल्याच्या पाठीशी क्रुप आणि डेमाग या जर्मन कंपन्या. राउरकेल्याला काम करून आलेले आमच्या वस्तीतील एक काका तेथील जर्मनांच्या क्लबाचे वर्णन करीत. दिवसभर यंत्रांवर काळवंडलेले जर्मन कामगार संध्याकाळी अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून येतात आणि टेबलाभोवती बसून बिअर पितात, असे ते सांगत. वडिलांना बिअरचे नवल वाटले नाही. 'बसून?' एवढेच त्यांनी विचारले. भट्ठीच्या जाळीदार खिडकीत पैसे सरकवावेत, बाटली घ्यावी आणि भिंतीच्या आडोशाला उभ्याउभ्या ती संपवावी, हाच त्यांचा परिपाठ होता. त्या एका प्रश्नाचा इतिहास पाहावा, असे पुढे पुष्कळ वर्षांनी म्युनिकला जाण्याचा योग आला तेव्हा मनात आले.

आरंभ शब्दांपासूनच करणे आम्हां साहित्याच्या विद्यार्थ्यांना सोयीचे. मराठीत मद्यपानाच्या जागेला 'गुत्ता' म्हणतात. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता. सरकारकडून विशिष्ट उत्पन्नाचा ठेका घेणारा तो गुत्तेदार. म्हणजे त्या जागेला आपण पिणाऱ्याच्या बाजूने नाव दिलेच नाही. नाव पडले ते महसुलाच्या बाजूने. जर्मन भाषेत याच जागेला 'विर्ट्सहाउस' असा शब्द आहे. विर्ट म्हणजे यजमान, हाउस म्हणजे घर. यजमानाच्या घरी जाणारा पाहुणा असतो; गुत्त्यावर जाणारा केवळ गिऱ्हाईक. दोन समाजांच्या अनुभवातील अंतर या दोन शब्दांत साठवलेले दिसते.

याचा अर्थ जर्मनीत राज्यकर्त्यांना महसुलाचा मोह नव्हता असा नाही. बव्हेरियाच्या ड्यूकांनी २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे जो प्रसिद्ध नियम जारी केला, त्याने बिअरमध्ये सातू, हॉप्सची फुले आणि पाणी यांखेरीज काही घालू नये असे ठरविले. आज त्याचा उल्लेख शुद्धतेचा कायदा म्हणून अभिमानाने होतो. परंतु त्याच नियमात बिअरचे भावही बांधून दिलेले होते, आणि गहू भट्टीत न जाता पावासाठी उरावा हाही एक हेतू त्यामागे होता, असे इतिहासकार मानतात. पुढे गव्हाच्या बिअरचा एकाधिकार राजघराण्यानेच आपल्याकडे घेतला. १५८९ साली स्थापन झालेले हॉफब्रॉयहाउस हे मुळात ड्यूकच्या दरबाराची तहान भागविणारे खासगी मद्यालय होते. सामान्य माणसाला त्याची दारे १८२८ साली उघडली. आज त्या प्रचंड, कमानदार छताच्या दालनात शिरणाऱ्या प्रवाशाला ही जागा अनादिकाळापासून लोकांचीच असावी असे वाटते. वस्तुतः ती लोकांना फार उशिरा मिळाली.

लोकांची खरी जागा तळघरांच्या माथ्यावर तयार झाली. उन्हाळ्यात बिअर नासते आणि भट्ट्यांमुळे आगी लागतात, म्हणून १५३९ च्या नियमाने बिअर गाळण्याचा हंगाम २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढाच ठरविला. उन्हाळ्यापुरता साठा थंड राहावा यासाठी उत्पादकांनी इझार नदीकाठच्या उंचवट्यांत खोल तळघरे खोदली, वर वाळूखडी पसरली आणि सावलीसाठी रुंद पानांचे चेस्टनट वृक्ष लावले. मग त्या सावलीत बाके आली, आणि बाकांवर माणसे. शहरातील खानावळवाल्यांनी तक्रार केली. राजा पहिला माक्सिमिलियन योझेफ याने ४ जानेवारी १८१२ रोजी तोड काढली: तळघरवाल्यांनी उन्हाळ्यात जागेवर बिअर विकावी, परंतु पावाखेरीज खायला काही देऊ नये. परिणामी लोक आपली शिदोरी घरूनच आणू लागले. तो निर्बंध कधीच सरला. मात्र पारंपरिक बिअर बागेत स्वतःचे खाणे घेऊन बसण्याचा हक्क आजही अबाधित आहे. १९९५ च्या मे महिन्यात एका बागेची बंद होण्याची वेळ न्यायालयाने अलीकडे आणली, तेव्हा म्युनिकच्या रस्त्यांवर हजारो नागरिक उतरले, आणि १९९९ साली राज्य सरकारला या बागांसाठी स्वतंत्र नियम करावा लागला. लढा बिअरच्या किमतीचा नव्हता. संध्याकाळी झाडाखाली किती वेळ बसता येईल, हा त्याचा विषय होता.

या बसण्याला राजकीय अर्थ प्राप्त झाला तो एकोणिसाव्या शतकात. १८७८ ते १८९० या काळात बिस्मार्कच्या कायद्याने समाजवादी संघटना आणि सभा यांवर बंदी होती. कामगाराचे घर म्हणजे एक कोंदट खोली; तेथे चार माणसे जमणे अशक्य. सभागृहे बंद. उरले मद्यगृह. तेथे बसलेली माणसे सभा करीत आहेत की नुसती बिअर पीत आहेत, हे पोलिसाला ठरविणे कठीण जाई. बंदी उठल्यानंतर, १८९१ साली, समाजवाद्यांमध्ये दारूविषयी वाद झाला. कार्ल काउट्स्की यांनी त्यात अशी भूमिका घेतली की मद्यगृह हा जर्मन कामगाराच्या राजकीय स्वातंत्र्याचा अखेरचा बुरूज आहे. ते गेले तर त्याला एकत्र येण्यास जागाच उरणार नाही. व्यसनाची हानी मान्य करूनही त्यांनी जागेचा प्रश्न वेगळा काढला. पुढे १९०९ साली याच पक्षाने लायप्सिकच्या अधिवेशनात जहाल दारूवर बहिष्काराचा ठराव केला. कामगार संघटनांनी ठिकठिकाणी स्वतःची संघगृहे बांधली. बर्लिनमध्ये असे मोठे संघगृह १९०० साली उभे राहिले. गुत्तेदाराच्या मेहेरबानीवर सभा भरविण्यापेक्षा आपणच यजमान व्हावे, हा त्यामागील विचार.

या इतिहासाचे गुणगान करून थांबता आले असते तर बरे झाले असते. परंतु छप्पर आणि बाके कोणाचे भाषण चालले आहे हे पाहत नाहीत. ७ नोव्हेंबर १९१८ च्या रात्री म्युनिकच्या माथेजरब्रॉय या बिअर हॉलमध्ये कामगार-सैनिकांची परिषद जमली आणि बव्हेरियातील राजेशाही संपली. २४ फेब्रुवारी १९२० रोजी हॉफब्रॉयहाउसच्या वरच्या दालनात, सुमारे दोन हजार माणसांपुढे, हिटलरने आपल्या पक्षाचा पंचवीस कलमी कार्यक्रम वाचला. ८ नोव्हेंबर १९२३ रोजी ब्युर्गरब्रॉयकेलरमध्ये छताच्या दिशेने पिस्तूल झाडून त्याने सत्तांतराचा फसलेला प्रयत्न केला. समतेची भाषा ज्या बाकांवर शिकली गेली, त्याच जातीच्या बाकांवर द्वेषाची भाषाही शिकली गेली.

त्याच ब्युर्गरब्रॉयकेलरमध्ये १९३९ साली गेओर्ग एल्झर नावाचा एक सुतार रात्रीचे जेवण घेण्यासाठी येऊ लागला. जेवून तो सज्जाजवळ दडून राही आणि हॉल बंद झाल्यावर व्यासपीठामागचा खांब आतून पोखरी. असे तीसहून अधिक रात्री चालले. ८ नोव्हेंबरला त्याने ठेवलेला बॉम्ब ठरल्या वेळी फुटला, पण हिटलर त्याच्या तेरा मिनिटे आधीच निघून गेला होता. आठ माणसे मेली. त्यांत वाढण्याचे काम करणारी एक स्त्रीही होती. एल्झरला ९ एप्रिल १९४५ रोजी डाखाउच्या छळछावणीत गोळी घातली गेली. ती इमारत १९७९ मध्ये पाडली. आता तेथे पदपथात बसविलेला एक फलक आहे. तो वाचण्यासाठी मान खाली घालावी लागते.

आता आपल्याकडे वळू. छत्तीसगढला धान्याच्या मद्याची परंपरा नाही असे नाही. बस्तरमध्ये तांदळाच्या पिठाचा 'लांदा' करतात. तो आंबविण्यासाठी मोड आणून वाळवलेले धान्य वापरतात. म्युनिकचा कारागीर सातूवर जी प्रक्रिया करतो, तिचीच ही बहीण. सल्फीच्या झाडाखाली, मोहाच्या घरगुती मद्याभोवती माणसे आजही गोल करून बसतात. तेथे यजमान असतो, पाहुणा असतो, आणि पिण्याला सणाची, लग्नाची मर्यादा असते. इंग्रजी अमदानीतील अबकारी धोरणाने या व्यवस्थेवर घाव घातला. मुंबई इलाख्यात १८७८ च्या कायद्याने घरगुती गाळप आणि ताडीचे झाड ही दोन्ही कराच्या कक्षेत ओढली गेली. मर्यादेसह पिणे आटले, मक्त्याचे दुकान वाढले. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी १८८० साली शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली. १९०८ मध्ये टिळकांच्या अनुयायांनी पुण्यातील गुत्त्यांवर पहारे दिले. दोघांच्या विचारांत अंतर पुष्कळ. पण गरिबाच्या मजुरीतून सरकार आपला खजिना भरते आहे, हे दोघांनाही दिसत होते.

भिलाईला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथे १९७७ साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली खाण कामगारांची संघटना उभी राहिली, तेव्हा तिच्यापुढे काउट्स्कींचाच प्रश्न उलटा होऊन आला. येथील कामगाराला भट्ठी कोणताही बुरूज देत नव्हती. वाढलेली मजुरी मात्र गिळत होती. संघटनेने दारूबंदीची मोहीम हाती घेतली, आणि तिचे बळ स्त्रियांमध्ये होते. त्याचबरोबर संघटनेचे कार्यालय, शाळा आणि १९८३ साली कामगारांच्या श्रमातून शहीद रुग्णालय उभे राहिले. दारू सोडलेल्या माणसाला संध्याकाळी जायला जागा हवी, हे त्या चळवळीने ओळखले होते. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगी झोपेत असताना त्यांची हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी कॅम्पजवळच्या पॉवरहाउस स्थानकात कामगार आपल्या मागण्यांसाठी रुळांवर बसले. पोलिसांनी गोळीबार केला आणि अनेक कामगार मारले गेले. या गावात मजूर एकत्र बसल्याची इतिहासाने घेतलेली सर्वांत मोठी नोंद ती हीच.

वडील त्यापूर्वीच, १९८८ साली, गेले. त्यांच्या पिण्याने आईचे जे झाले ते येथे सांगण्याचे कारण नाही. ते ज्यांच्या घरी घडले त्यांना सांगावे लागत नाही. त्या पिण्याला मी कधी क्षमा केली नाही, आणि आजही मी दारूला शिवत नाही. २०१७ पासून छत्तीसगढमध्ये राज्य सरकारचे महामंडळच दारूची किरकोळ विक्री करू लागले. मक्तेदार बदलला. लोक मात्र त्या दुकानाला अजूनही भट्ठीच म्हणतात.

म्युनिकच्या त्या बागेत मी चेस्टनटच्या सावलीत एका लांब बाकाच्या टोकाला बसलो आणि लिंबाचे सरबत मागविले. वाढणाऱ्या बाईने ते कोणताही प्रश्न न करता आणून ठेवले. समोर एका वृद्ध कामगाराने पिशवीतून पाव काढला, फडके पसरले आणि पांढरा मुळा चाकूने पातळ चकत्यांत कापून त्यावर मीठ भुरभुरले. मुळ्याला पाणी सुटेपर्यंत तो स्वस्थ बसून राहिला. त्याला कोणी उठवले नाही. थोड्या वेळाने त्याने चार चकत्या माझ्या बाजूला सरकवल्या.