इथेनॉलमधील पाणी वेगळे करणारे झिओलाइटयुक्त पटल

उसाच्या मळीपासून मिळणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्यापूर्वी जवळजवळ निर्जल करावे लागते. त्यात पाणी राहिल्यास इथेनॉल आणि पाण्याचा वेगळा थर इंधनटाकीच्या तळाशी साचू शकतो. भारताने २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठल्याने, हे पाणी कमी ऊर्जेत कसे काढावे या प्रश्नाला मोठे महत्त्व आले आहे.

साध्या ऊर्ध्वपातनाने इथेनॉलचे प्रमाण वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांपर्यंतच वाढते. त्यानंतर द्रव आणि त्याची वाफ यांतील पाण्याचे प्रमाण सारखेच राहते. कितीही उकळले तरी पाणी वेगळे होत नाही.

ही अडचण परव्हेपोरेशन या पद्धतीने दूर होते. पी. ए. कोबर यांनी १९१७ मध्ये तिला हे नाव दिले. पातळ पॉलिमर पटलाच्या एका बाजूस तापविलेला द्रव असतो, तर दुसऱ्या बाजूस निर्वात स्थिती राखली जाते. पाण्याचे रेणू पटलात विरघळतात, पलीकडे सरकतात आणि वाफ होऊन बाहेर पडतात. संपूर्ण द्रवाऐवजी मुख्यतः पाण्याचीच वाफ करावी लागत असल्याने ऊर्जेची बचत होते.

पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, कायटोसान आणि सोडियम अल्जिनेट ही जलस्नेही पॉलिमर यासाठी वापरली जातात. मात्र पाणी शोषून ती फुगतात आणि मग इथेनॉलही त्यांतून निसटू लागते. यावर उपाय म्हणून पटलात झिओलाइटचे सूक्ष्म कण मिसळले जातात. ४ए झिओलाइटची छिद्रे सुमारे ०.४ नॅनोमीटरची असतात. पाण्याचा रेणू त्यांतून सहज जातो. मोठ्या इथेनॉल रेणूला मात्र अटकाव होतो. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात अशा पटलांवर उल्लेखनीय संशोधन झाले आहे.

दख्खनच्या बेसॉल्ट खडकात पुणे, नाशिक परिसरात नैसर्गिक झिओलाइटचे स्फटिक आढळतात. पटलांसाठी मात्र एकसारख्या छिद्रांचे कृत्रिम झिओलाइट सोयीचे ठरते.

या तंत्राला मर्यादाही आहेत. कण आणि पॉलिमर नीट न जुळल्यास मध्ये फटी राहतात व निवडक्षमता घटते. कणांचे प्रमाण अधिक झाल्यास ते एकत्र गोळा होतात व पटल ठिसूळ बनते. आम्लयुक्त द्रवात ४ए झिओलाइटची रचनाच ढासळते. म्हणूनच कोणत्या द्रवातून पाणी काढावयाचे आहे, हे पाहूनच पटलाची निवड करावी लागते.