साष्टीच्या लेण्यांचे वाटाडे

मुंबईची उपनगरे जिथे वसली आहेत त्या साष्टी बेटावरील लेण्यांचा इतिहास पाहुण्यांना सांगण्याचे काम आधी गावकऱ्यांकडे होते, मग अभ्यासकांकडे गेले आणि गेल्या काही वर्षांत प्रशिक्षित स्वयंसेवकांकडे येऊ लागले आहे. सोळावे शतक संपून सतरावे सुरू होण्याच्या सुमारास पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कोउतो याने साष्टीतील कान्हेरी लेण्यांविषयी लिहिले ते स्थानिक लोकांकडून कळलेल्या कथेच्या आधारे. मुलगा संन्यास घेईल असे भाकीत ऐकून एका राजाने त्याला कोंडून ठेवण्यासाठी हे डोंगरातले वाडे कोरले, अशी ती कथा. ही तर सिद्धार्थाचीच गोष्ट. बुद्धाचे नाव विसरले गेले, पण गोष्ट टिकली. गावकऱ्यांच्या स्मरणशक्तीला हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी आले. जेम्स बर्ड यांनी १८३९ साली कान्हेरीतील एक स्तूप खणला. त्यात त्रैकूटक संवत् २४५ चा, म्हणजे इ.स. ४९४-९५ च्या सुमाराचा, ताम्रपट निघाला. रेल्वेचे अभियंते ई. डब्ल्यू. वेस्ट यांनी तेथील लेखांच्या नकला उतरवल्या. १८८० मध्ये फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा भारतातील लेण्यांवरचा ग्रंथ निघाला. पुढे शोभना गोखले यांनी कान्हेरीच्या लेखांचे संपादन केले. तो ग्रंथ १९९१ चा. पण हे सारे इंग्रजीत आणि ग्रंथालयांत राहिले. सहलीला आलेल्या शाळेला मात्र पांडवांनी एका रात्रीत कोरलेली लेणी आणि दूरवर जाणारे भुयार हेच ऐकायला मिळे.

ही दरी बुजवण्याचे प्रयत्न उपनगरांतूनच झाले. विलेपार्ल्याच्या साठ्ये महाविद्यालयाचा प्राचीन भारतीय संस्कृती विभाग, मुंबई विद्यापीठाचे बहिःशाल शिक्षण केंद्र आणि इन्स्टुसेन न्यास यांनी २०१५ च्या सुमारास साष्टीचे सर्वेक्षण हाती घेतले. त्यात पुरातत्त्वाचे विद्यार्थी आणि हौशी अभ्यासक गावठाणे, देवळे, तळी धुंडाळत फिरले. वीरगळ (वीरांच्या स्मारकशिळा), गधेगळ (शापवाणी कोरलेल्या दानशिळा) आणि सुटी शिल्पे कशी ओळखायची, मोजमाप व छायाचित्रे कशी घ्यायची, वृद्धांशी कसे बोलायचे, हे सगळे यात शिकावे लागते. लोकांना इतिहास सांगणाऱ्याचीही पायाभरणी हीच. जागा स्वतः न वाचता पाठ केलेली माहिती पहिल्या अनपेक्षित प्रश्नाला कोसळते.

कान्हेरीत सांगण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून स्वयंसेवकांना निवड शिकवावी लागते. शंभराहून अधिक लेण्यांचे क्रमांक सांगत गेल्यास ऐकणारा थकतो. त्याऐवजी पाण्याच्या पोढ्यांपाशी, म्हणजे कातळात कोरलेल्या टाक्यांपाशी, थांबून डोंगरावरचे पावसाचे पाणी कसे साठवत ते दाखवावे. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातील लेखात कल्याणच्या एका व्यापाऱ्याने मंगलथान गावातील शेत दान दिल्याचे येते. हे गाव म्हणजे बोरिवलीचे मागाठाणे, हे कळताच बोरिवलीकर श्रोता लेखाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. नव्वद क्रमांकाच्या लेण्यात १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी पाहुण्यांचे पहलवी लेख आहेत. पर्यटक भिंतीवर नावे कोरतात म्हणून रागावणाऱ्या वाटाड्याची इथे जरा अडचणच होते.

मतभेद कसे सांगायचे, हा प्रशिक्षणातला कठीण भाग. बोरिवलीजवळच्या एकसरच्या सहा वीरगळांपैकी काहींवर गलबतांची लढाई कोरलेली आहे. ती शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यातील, तेराव्या शतकातली, असे बरेच अभ्यासक मानतात. काही जण ती अकराव्या शतकातली धरतात. स्वयंसेवकाने दोन्ही मते मांडावीत आणि दगडावर नाव कोरलेले नाही, हेही सांगावे. शिवाय हे वीरगळ पूजेत आहेत. तिथे चपला काढणे आणि ग्रामस्थांची परवानगी घेणे हे माहितीइतकेच महत्त्वाचे.

मंडपेश्वरला वेगळी कसोटी लागते. सहाव्या शतकातील हे शैव लेणे पोर्तुगीज काळात ख्रिस्ती प्रार्थनास्थळ झाले. वर चर्चचे अवशेष, आत नटराज आणि एका भिंतीवर कोरलेला क्रूस. कोणाची बाजू न घेता हा क्रम सांगता येणे हे कौशल्य, आणि ते गटासमोर बोलूनच येते. जोगेश्वरीला वस्ती लेण्याला खेटून आहे. तिथे दहा-बारांपेक्षा अधिक माणसे घेऊन उभे राहिले तर रहिवाशांची वाटच अडते.