भिंतीवरचा चौक आणि पाहुण्यांची पसंती

पावसाळा लागला की नेरळ, कळंब, कर्जतच्या बाजूला शहरातली माणसं धबधब्यांना येतात. जाताना काहीतरी आठवण न्यावी असं त्यांना वाटतं. आमच्या गटाच्या स्टॉलवर त्यांचा हात एकाच चित्राकडे जातो: मातकट रंगावर पांढरी माणसं, मधे तारपा वाजवणारा, भोवती नाचाचा फेर. हेच चित्र का? उत्तरासाठी थोडं मागं जाऊ.

वारली चित्र मुळात विकायचं नव्हतंच. डहाणू, तलासरी, जव्हारकडे लग्नघरात सवाशिणी सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. हो, त्यांच्या बोलीत चौक ‘लिहितात’. मधे पालघट देवी असते. धवलेरी गाणी म्हणते. चौक नसेल तर लग्न लागत नाही. म्हणजे ही कला बायांची, आणि देवकार्याची.

1970 नंतरच्या काळात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर गेले. त्यांनी वारल्यांच्या हाती कागद दिला. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे लग्नाबाहेरही रोज चित्रं काढू लागले. शेती, मासेमारी, नाच, सगळं कागदावर आलं. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. कलेचं नाव जगभर झालं, घरात पैसा आला. पण कागदावर पुरुषांची नावं पुढं आली आणि चौक लिहिणाऱ्या बाया मागं राहिल्या.

आता पाहुण्याच्या मनाचं बघू. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं 1968 मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा नजरेस पडली की ती आवडू लागते. तारप्याचा नाच पाहुण्यानं पिशवीवर, हॉटेलच्या भिंतीवर आधीच पाहिलेला असतो. शिवाय नाच न सांगता कळतो, पालघट देवी समजावून द्यावी लागते. वस्तू बॅगेत मावली पाहिजे, शेजारणीला दाखवता आली पाहिजे. आणि थोडी वाकडी रेघ त्याला आवडते, कारण ती हाताची खूण वाटते.

मग त्याला आवडतं तेच करत राहायचं का? इथंच खरी अडचण आहे. आपल्या भागात ठाकर आणि कातकरी जास्त. पाहुणा मागतो म्हणून आपण वारल्यांचं चित्र ‘आमचं’ म्हणून विकलं, तर त्या बायांचं नाव दुसऱ्यांदा पुसलं जाईल. आणि आपलं इरलं, सूप, टोपली कोपऱ्यात पडून राहील.

आम्ही गटात असं ठरवलं आहे. चित्र विकायचं तर कला कुणाची, हे चिठ्ठीवर लिहायचं. देवचौक विकायचा नाही. आणि स्टॉलवर पुढं इरलं टांगायचं. ज्यानं ते कधी पाहिलं नाही, तो आधी विचारतो, “हे काय?” त्याला सांगायचं, भातलावणीला वाकल्यावर पाठीवर पाऊस पडू नये म्हणून बांबू आणि पानांचं हे पांघरूण. डोक्यावर घालून बघा म्हणायचं. पुढच्या पावसाळ्यात तेच ओळखीचं वाटेल.

ओळखीनं आवड होते, मैत्रिणींनो. ती ओळख कुणी करून द्यायची, ते आपल्या हातात आहे.