बातमी आणि नाव : १९४८ च्या आठवणींची घडण

राष्ट्रीय शोकांतिकेच्या काळातून गेलेला मनुष्य आपल्या आठवणीचा आरंभ बहुधा एका ठरावीक तपशिलापासून करतो : बातमी आली तेव्हा तो कोठे होता आणि ती कोणी सांगितली. ३० जानेवारी १९४८ रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास दिल्लीच्या बिर्ला भवनात महात्मा गांधींची हत्या झाली. त्या संध्याकाळच्या आठवणी देशभर याच रीतीने सांगितल्या गेल्या. महाराष्ट्रातील आठवणी मात्र बातमीपाशी थांबत नाहीत. त्यांत बातमीमागोमाग नाव येते, आणि खरी कथा नावापासून सुरू होते.

बातमी आणि नाव यांमधील हे अंतर महत्त्वाचे आहे. मारेकरी हिंदू आहे, हे दिल्लीतून तातडीने जाहीर केले गेले. मुसलमानांवर सूड उगवला जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता. फाळणीच्या रक्तपातानंतर अवघ्या काही महिन्यांत केलेल्या या खुलाशाने मोठा अनर्थ टळला. परंतु तीच ओळख अधिक नेमकी होत गेली. मारेकरी नथुराम गोडसे हा पुण्याच्या एका दैनिकाचा संपादक, चित्पावन ब्राह्मण, हे कळले आणि एका हिंसेला आवर घालणारी माहिती दुसऱ्या हिंसेचे निमित्त ठरली. बातमी ऐकताना जो समुदाय एकत्र शोक करीत होता, तो नाव ऐकताच दुभंगला. शोक करणाऱ्यांपैकीच काही जण संशयित झाले.

या हिंसेचा अभ्यास करताना मोरीन पॅटर्सन यांनी १९८८ मध्ये असे प्रतिपादन केले की तिचा सर्वाधिक जोर मुंबई-पुण्यासारख्या शहरांत नव्हे, तर सातारा, कोल्हापूर, बेळगाव या भागांत होता. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला, तो याच वेळी. पोलिसी दप्तरे अभ्यासकांना सहजी खुली झाली नाहीत. परिणामी, या घटनांचा इतिहास दीर्घकाळ घराघरांतील कथनावरच उभा राहिला. अशा कथनाकडे केवळ माहितीचा साठा म्हणून पाहणे अपुरे ठरते; त्याची रचनाही तपासावी लागते.

या रचनेचे पहिले लक्षण कालसंकोचाचे आहे. ‘जाळपोळीत घर गेले आणि कूळकायद्यात जमीन गेली’ या आशयाची विधाने एका दमात केली जातात. वस्तुतः मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ चा असला, तरी कूळ जमिनीचे मालक मानले गेले ते १९५६ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल १९५७ पासून. शिवाय एक कृती जमावाची, तर दुसरी विधिमंडळाची. इटलीतील तेर्नी गावच्या कामगारांच्या आठवणींत आलेसांद्रो पोर्तेल्ली यांना असेच आढळले होते. १९४९ मध्ये मारल्या गेलेल्या लुइजी त्रास्तुल्ली या कामगाराचा मृत्यू अनेकांच्या स्मरणात १९५३ च्या कामगारकपातीच्या संघर्षात जाऊन बसला होता. पोर्तेल्ली यांच्या मते अशी चूक हाच पुरावा असतो. घटनेला कोणता अर्थ दिला गेला, हे ती सांगते. येथील संकोचामुळे कुळाचा न्याय्य हक्क आणि जमावाचा अन्याय एकाच आपत्तीच्या दोन बाजू भासू लागतात. हे स्मृतीचे राजकारण आहे. मात्र त्यामुळे जळालेले घर खोटे ठरत नाही.

दुसरे लक्षण मौनाचे. पीडितांची कथने बहुधा जमाव दाराशी येण्यापासून सुरू होतात. त्यांत गांधींचा मृत्यू पार्श्वभूमीला सरकतो. गांधीहत्येनंतर आनंद व्यक्त करून मिठाई वाटली गेल्याचा उल्लेख वल्लभभाई पटेलांच्या ११ सप्टेंबर १९४८ च्या पत्रात आहे. कौटुंबिक कथनांत या प्रसंगाला क्वचितच जागा मिळते. दुसऱ्या बाजूला, ज्यांनी घरे पेटवली त्यांचे प्रथमपुरुषी कथन जवळजवळ उपलब्धच नाही. त्यांतील कितीजणांना खरोखर शोक झाला होता आणि कितीजणांनी सावकारीचे, जातिश्रेष्ठत्वाचे जुने हिशेब चुकते केले, हे त्यामुळे त्यांच्या शब्दांत कळत नाही. सामूहिक स्मृतीला सामाजिक चौकट लागते, असे मॉरिस हाल्बवाक्स यांचे प्रतिपादन होते. येथे दोन चौकटी शेजारी उभ्या राहिल्या आणि दोन्हींनी आपल्याला अडचणीचा भाग वगळला.

या पार्श्वभूमीवर व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’ (१९६४) या कादंबरीचे स्थान ठरते. घटनेनंतर सोळा वर्षांनी आलेली ही कृती पुण्याहून गावाकडे निघालेल्या तरुणांच्या वाटचालीतून घडते. प्रवासाची ही योजना अर्थपूर्ण आहे. घरात बसलेल्या साक्षीदाराला फक्त दाराशी आलेला जमाव दिसतो; वाटेवरच्या माणसाला आसरा देणाराही भेटतो आणि तोंड फिरवणाराही. गाव ही एकसंध शत्रुवस्तू राहत नाही. स्वतः स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या लेखकाने आक्रोश आणि आरोप या दोन्ही सुरांना आवर घातला आहे, तो घटनेचे गांभीर्य कमी करण्यासाठी नव्हे, तर ते एका जातीच्या दुःखापुरते उरू नये म्हणून, असे म्हणता येईल.

साहित्यकृती दप्तराची जागा घेऊ शकत नाही. मृतांची संख्या, दंगलीचे संयोजन, प्रशासनाचे वर्तन हे प्रश्न इतिहासलेखनाचेच राहतात. परंतु बातमी ऐकून गांधींसाठी रडणारा आणि दुसऱ्या दिवशी घर गमावणारा मनुष्य एकच असू शकतो, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या ठरीव कथनांत मावत नाही. जळालेल्या घराची आठवण सांगताना आधीच्या संध्याकाळचा शोकही सांगितला जातो की नाही, यावर त्या आठवणीचे मोल अवलंबून आहे. तो गाळला गेला की उरते ती केवळ तक्रार. आणि तक्रारीच्या आधारे हत्येचे समर्थन रचणे फारसे अवघड नसते.